खांद्याला जाडी कळत नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

मी तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी सातला घर सोडते, परतायला संध्याकाळचे पाच वाजून जातात. मधला प्रवास बसचा, बराचसा उभ्यानं. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची आणि २.२ किलोचा आहे. त्याचा चार्जरच अर्धा किलो भरतो. गेल्या वर्षापासून उजवा खांदा धरतोय, म्हणून नवीन, हलका लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि दोन बघून आले.

पहिला ९८० ग्रॅमचा, ११ मिलिमीटर जाड. बॅटरी ३८ वॅट-तासांची, पंखा नाही, पोर्ट म्हणजे दोन यूएसबी-सी. "बारा तास चालतो," असं विक्रेते म्हणाले. दुसरा १.२५ किलोचा, १७ मिलिमीटर जाड. बॅटरी ६० वॅट-तास, पंखा आहे, प्रोजेक्टर जोडायचा एचडीएमआय आणि जुना यूएसबी पोर्टही आहे. दोन्हींत १६ जीबी रॅम. पहिला हातात घेतला आणि खाली ठेववेना. मुलगी म्हणते, हाच घे. सहकारी म्हणतात, असले पातळ लॅपटॉप टिकत नाहीत.

माझं काम असं: मराठीत नोट्स टाइप करणं, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, वर्गात प्रोजेक्टरवर स्लाइड, रोज एक तास ऑनलाइन वर्ग. दिवसभरात लॅपटॉप एकूण सहाएक तास चालू असतो. पुढची पाच-सहा वर्षं पुन्हा खरेदी नको. हे पारखायचं कसं?

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही वजन, जाडी, बॅटरी सगळं लिहून पाठवलंत, त्यामुळे मोघम बोलावं लागत नाही. माझं मत आधी सांगतो: दुसरा घ्या. पण त्यामागची कारणं जास्त महत्त्वाची आहेत, कारण ती कळली की उद्या तिसरा लॅपटॉप समोर आला तरी तुम्ही स्वतःच तो पारखाल.

दुकानात एका गोष्टीची गल्लत सगळ्यांचीच होते. हलका आणि पातळ हे दोन शब्द जोडीनं येतात, म्हणून एकच वाटतात. पण वजन खांद्याला कळतं आणि जाडी फक्त डोळ्याला. बसमध्ये उभ्यानं पाऊण तास काढताना पाठीवरचा लॅपटॉप ११ मिलिमीटरचा आहे की १७ चा, हे तुमच्या खांद्याला कधीच कळणार नाही. ते सहा मिलिमीटर वाचवण्यासाठी मात्र लॅपटॉपमधून बरंच काही काढून टाकावं लागतं. पंखा जातो, बॅटरी लहान होते, कळा उथळ होतात, पोर्ट जातात.

हा व्यवहार जुनाच आहे. जानेवारी २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला, ते दृश्य गाजलं. १.३६ किलोच्या त्या लॅपटॉपला एकच यूएसबी पोर्ट होता, सीडी ड्राइव्ह नव्हता, नेटवर्क केबलची जागा नव्हती आणि बॅटरी वापरणाऱ्याला बदलता येत नव्हती. सीडी ड्राइव्ह गेल्याचं पुढे कुणाला दुःख झालं नाही. एका पोर्टवर भागवणं मात्र अनेकांना जड गेलं. म्हणून पातळ लॅपटॉप बघताना पहिला प्रश्न हा: यातून काय काढलंय, आणि ते मला रोज लागतं का?

आता तुमच्या पहिल्या लॅपटॉपकडे येऊ. त्याचा खरा प्रश्न बॅटरीचा आहे, आणि इथे थोडं गणित करावंच लागेल.

वॅट-तास हा आकडा टाकीत किती पाणी आहे ते सांगतो. लॅपटॉप किती वॅट खातो, ही त्या टाकीची तोटी. आजचा चांगला हलका लॅपटॉप स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवून टायपिंग, ब्राउझर, स्लाइड असं काम करताना साधारण ५ ते ८ वॅट घेतो. ऑनलाइन वर्गात कॅमेरा, माइक, वायफाय आणि प्रोसेसर सगळेच राबत असतात, तेव्हा हाच आकडा १० ते १५ पर्यंत जातो. तुमचे पाच तास ७ वॅटनं धरले तर ३५ वॅट-तास. ऑनलाइन वर्गाचा एक तास १२ वॅटनं धरला तर आणखी १२. म्हणजे तुमच्या एका दिवसाची गरज आहे ४७ वॅट-तासांची.

पहिल्या लॅपटॉपच्या टाकीत ३८ आहेत. नवा कोरा असतानासुद्धा तो तुमचा दिवस पुरा करणार नाही. मग बारा तास कुठून आले? बॅटरीचे जाहिरातीतले तास बहुधा उजेड बराच कमी ठेवून, सलग व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये खास वेगळा भाग असतो आणि तो फार कमी वीज घेतो. ३८ भागिले १२ केलं तर तीन वॅटच्या आसपास आकडा येतो. त्या अवस्थेत आकडा खोटा नसतो. पण तुम्ही दिवसभर मंद उजेडात व्हिडिओ बघत नाही, वर्ग घेता.

लिथियम-आयन बॅटरी थकत जाते, हेही हिशेबात धरा. रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांनी तिची क्षमता वीस टक्क्यांनी उतरलेली असणं अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा ३८ चे ३० राहतील आणि ६० चे ४८. म्हणजे दुसरा लॅपटॉप तेव्हाही तुमचा दिवस कसाबसा निभावेल. तुम्हाला पाच-सहा वर्षं काढायची आहेत, त्यामुळे मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच चाला. दोन्ही लॅपटॉपच्या बाबतीत विक्रेत्याला विचारा: खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का, बॅटरी स्क्रूंनी बसवलेली आहे की चिकटवलेली, आणि या मॉडेलची बॅटरी सुटी मिळते का. चिकटवलेली बॅटरी काढताना वाकते, आणि वाकलेली लिथियम बॅटरी धोक्याची असते. ते काम घरी करायचं नसतं.

आता पिशवी तराजूवर ठेवू, कारण वाहायची असते ती पिशवी. पहिला लॅपटॉप ९८० ग्रॅम. पण त्याचा दिवस पुरा होत नाही म्हणजे चार्जर सोबत न्यायलाच हवा. केबलसकट तो २८० ग्रॅमच्या घरात जाईल. प्रोजेक्टरसाठी एचडीएमआयचा जोड लागणार, तो आणखी ६० ग्रॅम. बेरीज १,३२० ग्रॅम. दुसरा १,२५० ग्रॅम, आणि चार्जर घरी ठेवून. तुम्हाला जड वाटलेला लॅपटॉप पिशवीत हलका भरतो! शिवाय वर्गाच्या कोपऱ्यातला रिकामा प्लग शोधत फिरणं वाचतं आणि तो छोटा जोड एखाद्या टेबलावर विसरून येण्याची भीतीही जाते. ऐन तासाला स्लाइड दिसत नाहीत आणि समोर साठ मुलं बसलेली आहेत, या प्रसंगाचं वजन ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

पोर्टचं असं आहे की यूएसबी-सीचं तोंड अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असतं, जुन्या यूएसबीचं आणि एचडीएमआयचं साडेचारच्या आसपास. ११ मिलिमीटरच्या शरीरातून झाकणाची जाडी वजा केली की मोठं पोर्ट बसवायला जागाच उरत नाही. त्यामुळे पहिल्या लॅपटॉपला ती नाहीत यात कुणाची लबाडी नाही. ज्याला प्रोजेक्टर कधीच लागत नाही त्याला ती नसली तरी चालतं. तुम्हाला रोज लागतो. आणखी एक बारीक गोष्ट: यूएसबी-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर जाईलच असं नाही. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंग करतात. माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट असा स्पष्ट उल्लेख हवा. दुसऱ्या लॅपटॉपचं चार्जिंग यूएसबी-सीनं होतं का, तेही बघा. होत असेल तर ४५ किंवा ६५ वॅटचा कुठलाही चांगला पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालेल आणि घरचा एकच चार्जर फोनलाही उपयोगी पडेल.

पंखा नसणं ही गोष्ट मला एरवी आवडते. आवाज नाही, धूळ नाही. २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरनं दाखवून दिलं की चिप कमी विजेत काम करणारी असेल तर पंख्याशिवायही उत्तम चालतं. पण चिप तशी नसेल तर सुरुवातीची पाच-सात मिनिटं लॅपटॉप चपळ वाटतो, मग तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. दुकानातल्या पाच मिनिटांत हे दिसतच नाही. तुमच्या तासाभराच्या ऑनलाइन वर्गात मात्र पस्तिसाव्या मिनिटाला आवाज तुटायला लागतो. तेव्हा मॉडेल कोणतंही असो, परत करण्याची मुदत मिळत असेल तर पहिल्याच दिवशी चार्जर काढून, दहा-पंधरा टॅब उघडे ठेवून, तासभराचा खरा व्हिडिओ कॉल करा. चार्जर काढून, कारण बरेच लॅपटॉप बॅटरीवर मुद्दाम हळू चालतात, आणि दुकानातले नमुने जवळजवळ नेहमी चार्जरला लावलेले असतात. कॉल संपल्यावर मनगटाखालची जागा आणि तळ हातानं चाचपा. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर नाही म्हणा.

आता कीबोर्ड. तुम्ही नोट्स टाइप करता म्हणजे दिवसाचे हजारो ठोके. मराठीत हे अधिकच, एकेका जोडाक्षराला तीन-चार कळा जातात. कळ किती खोल दबते हे मिलिमीटरमध्ये सांगतात. दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर बोटांना दाबल्याचं समाधान मिळतं. एकच्या आत आलं की टेबलावर बोटं आपटल्यासारखं होतं. पातळपणाच्या मागे लागल्यावर काय होतं याचा मोठा धडा इथेच मिळाला. २०१५ मध्ये ॲपलनं अवघ्या ९२० ग्रॅमच्या १२ इंची मॅकबुकमध्ये अतिशय उथळ अशा 'बटरफ्लाय' कळा आणल्या. धुळीचा कण गेला तरी कळ अडकते किंवा अक्षर दोनदा उमटतं, अशा तक्रारींचा पाऊस पडला. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि २०१९ च्या अखेरीपासून तिनं जुन्या पद्धतीच्या खोल कळा परत आणायला सुरुवात केली. तेव्हा दुकानात मराठी कळपट चालू करायला सांगा आणि तुमच्याच एखाद्या नोटचं एक पान तिथे उभं राहून नाही, बसून टाइप करा. दहा मिनिटांनी बोटं जे सांगतील ते खरं माना. दुसरा लॅपटॉप या परीक्षेत नापास झाला तर माझा वरचा सल्ला रद्द समजा आणि तिसरा शोधा.

तुमच्या सहकाऱ्यांच्या शंकेत तथ्य आहे, पण अर्धं. पातळ लॅपटॉप पडूनच नाही, दबूनही फुटतात. गर्दीत कुणाचं कोपर पिशवीवर येतं, आत झाकणावर चार्जरचा ठोकळा असतो, आणि स्क्रीनला आतून तडा जातो. बाहेर ओरखडासुद्धा नसतो. म्हणून लॅपटॉप पिशवीतल्या पाठीकडच्या कप्प्यात, झाकण पाठीच्या बाजूला आणि मध्ये काहीही टणक नाही, असा ठेवायचा. दुकानात तो उघडून एका कोपऱ्याला धरून उचला. अंग करकरतं का, टचपॅड आपोआप क्लिक होतो का ते बघा. झाकणाच्या पाठीवर बोटानं हलकेच दाबा आणि समोर स्क्रीनवर लाटा उमटतात का ते पाहा. बिजागरी एका हातानं उघडावी आणि टेबल हललं तर स्क्रीन डुलत राहू नये. 'मिलिटरी स्टँडर्ड' अशी चिकटपट्टी दिसली तर तिच्यावर फार विसंबू नका. त्या मानकात अनेक चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या करायच्या हे उत्पादक ठरवतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. १.२५ किलोचा लॅपटॉप हाताला प्लॅस्टिकसारखा लागला म्हणून तो हलक्या प्रतीचा ठरवू नका. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं अंग असंच लागतं. मॅग्नेशियमची घनता ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते, म्हणून मोठी बॅटरी घालूनही वजन आटोक्यात ठेवायला ते वापरतात. थंडगार, चकचकीत ॲल्युमिनियम हातात सुखावतं खरं, पण ते सुख चार दिवसांचं.

रॅमबद्दल, म्हणजे उघडलेलं काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीबद्दल, मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक सुंदर, पातळ लॅपटॉप घेतला, ८ जीबीचा. तीन वर्षांनी त्याची बॅटरी ठीक होती, कीबोर्ड उत्तम होता, स्क्रीनवर डाग नव्हता, पण ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालेनात. रॅम वाढवण्याचा मार्गच नव्हता. धडधाकट यंत्र केवळ तेवढ्यासाठी बाजूला ठेवावं लागलं, त्याची हळहळ अजून वाटते. तुमच्या दोन्ही लॅपटॉपमध्ये १६ जीबी आहे हे फार चांगलं झालं. ॲपलनंही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली. पाच-सहा वर्षांच्या बोलीवर त्याच्या खाली उतरू नका. साठवणुकीचं, म्हणजे एसएसडीचं, एवढं दडपण नाही. ती अनेक मॉडेलमध्ये बदलता येते, विचारून घ्या.

स्क्रीनच्या बाबतीत खिडकीजवळ बसून काम करत असाल तर ४०० निट्सच्या (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास उजेड बघा. घरात ३०० पुरतात. चकचकीत स्क्रीन दुकानात मोहक दिसते आणि वर्गात स्वतःचाच चेहरा दाखवते, म्हणून मॅट घ्या. आकाराचं प्रमाण १६:१० असेल तर नोटच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. ओलेड स्क्रीनवर, जिथे प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, रंग अप्रतिम असतात, पण तुमच्यासारखं पांढऱ्या पानावर दिवसभर काम असेल तर ती बॅटरी जास्त खाते.

एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही, कारण त्यालाही ती बहुधा माहीत नसते. आजचे बरेचसे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्वीसारखे गाढ झोपत नाहीत. फोनसारखे अर्धवट जागे राहतात, मेल बघतात, अपडेट उतरवतात. एखाद्या दिवशी पिशवीतून लॅपटॉप काढावा तर तो गरम आणि बॅटरी निम्मी, असा अनुभव अनेकांना येतो. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रात्री बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, झाकण मिटा आणि सकाळी पुन्हा बघा. तीन-चार टक्के उतरले तर चिंता नको. पंधरा-वीस उतरले तर सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' (काम साठवून पूर्ण बंद होणं) निवडा. उघडताना थोडे सेकंद जास्त लागतील, पण बॅटरी जागच्या जागी राहील.

तुम्ही पाहिलेल्यांपैकी एखादा लॅपटॉप क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन चिपचा असेल तर आणखी एक चौकशी करा. २०२४ पासून आलेल्या या चिपच्या विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरी खरोखर चांगली टिकते. नेहमीचे प्रोग्रॅमही बहुतेक चालतात. पण प्रिंटर किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे तो लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्या चिपसाठी वेगळा बनवलेला असावा लागतो. महाविद्यालयातला जुना प्रिंटर, गुण भरण्यासाठीचं एखादं खास सॉफ्टवेअर, यांची नावं लिहून नेऊन आधी खात्री करून घ्या.

लॅपटॉप घरी आल्यावर, चार्जरला लावलेला असताना तो ८० टक्क्यांवरच थांबावा अशी सोय बहुतेक कंपन्या देतात. सुट्टीच्या दिवसांत ती चालू ठेवा, कामाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. बॅटरीला सर्वात जास्त त्रास होतो तो गरम असताना शंभर टक्क्यांवर तासन् तास पडून राहण्याचा.

आणि खांद्याचं. जुना लॅपटॉप आणि चार्जर मिळून २.७ किलो होतात. दुसरा लॅपटॉप घेऊन चार्जर घरी ठेवलात तर जवळजवळ दीड किलो कमी होईल. भरलेली लिटरची बाटली एक किलोची असते, ती अर्धी भरून नेऊन वाटेत पुन्हा भरता येते का ते बघा. पिशवी एका खांद्यावर अडकवत असाल तर दोन्ही पट्टे लावा आणि लॅपटॉप पाठीला चिकटून राहील इतके ते आवळा. पण वर्षभर दुखणारा खांदा नव्या लॅपटॉपच्या भरवशावर ठेवू नका, खरेदीच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून या.